घरी अभिजात पद्धतीने शिकवायचे आहे: लॅटिन घ्यावे की संस्कृत, आणि सुरुवात कुठून करावी?

ठाण्याच्या एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची मुलगी ८ वर्षांची असून तिसरीत आहे आणि मुलगा ५ वर्षांचा आहे. मुलगी भरपूर वाचते, पण शाळेत तिला कंटाळा येतो. परदेशातली काही कुटुंबे ‘क्लासिकल’ पद्धतीने घरी शिकवतात, हे पाहून त्यांनाही ती पद्धत आवडली आहे आणि लॅटिनसह सर्व विषयांचा एक तयार अभ्यासक्रम मागवण्याचा त्यांचा विचार आहे. लॅटिन शिकवावे की संस्कृत, रोज किती तास लागतात, पाठांतरावर एवढा भर म्हणजे पुन्हा घोकंपट्टीच नव्हे का, आणि दहावीचे काय करायचे, असे त्यांचे चार प्रश्न आहेत.

मी पुण्यात माझ्या दोन मुलांना १२ वर्षे घरी शिकवले. मुलगी आता १९ वर्षांची आहे, मुलगा १५ वर्षांचा. या काळात ओळखीच्या काही कुटुंबांबरोबर आठवड्यातून एकदा एकत्र बसून शिकवण्याचाही अनुभव घेतला. तेव्हा पुढे जे लिहिते आहे ते एवढ्या अनुभवापुरते आहे, असे समजून वाचावे.

तुमच्या प्रश्नात मुलांचे वय, आवडी आणि अभ्यासक्रमाचे नाव आहे; पण मुलांजवळ रोज कोण बसणार, आणि त्या व्यक्तीला स्वतःला पुन्हा शिकायची इच्छा आहे का, याचा उल्लेख नाही. या पद्धतीत सर्वांत जास्त फरक त्यानेच पडतो. तयार अभ्यासक्रम विकत घेतला की शिकवणाऱ्याची सोय होते हे खरे, परंतु त्यातला मजकूर शिकवणाऱ्यालाच परका असेल तर दोन महिन्यांत ते केवळ पाने उलटणे होते. आमच्या गटातल्या दोन घरांत परदेशी संच असेच कपाटात गेले. मुले हुशार होती, आईवडीलही कष्टाळू होते. पण त्या संचातली गाणी, गोष्टी आणि इतिहास घरात दुसरे कोणीच बोलत नव्हते.

आता मूळ कल्पनेकडे वळू. मध्ययुगीन युरोपात ट्रिव्हियम म्हणजे व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व हे तीन विषय होते आणि त्यांच्यानंतर क्वाड्रिव्हियम, म्हणजे अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोल हे चार विषय येत. आज होमस्कूलिंग करणारे लोक ‘व्याकरणाचा टप्पा’, ‘तर्काचा टप्पा’, ‘वक्तृत्वाचा टप्पा’ असे जे बोलतात, ती वयानुसार केलेली विभागणी मध्ययुगातली नाही. डोरोथी सेयर्स या इंग्रज लेखिकेने १९४७ साली ऑक्सफर्डमध्ये दिलेल्या व्याख्यानात ती मांडली आणि पहिल्या टप्प्याला तिने गमतीने पोपटाचेच नाव दिले. हे सांगण्याचे कारण एवढेच की वयाच्या रेषा दगडावर कोरलेल्या नाहीत. माझा मुलगा सातव्या वर्षीच प्रत्येक गोष्टीला ‘का’ विचारू लागला होता. ‘तुझा तर्काचा टप्पा अजून चार वर्षांनी आहे’ असे त्याला सांगणे हास्यास्पद ठरले असते.

आपल्याकडच्या पाठशाळांतही ‘काणादं पाणिनीयं च सर्वशास्त्रोपकारकम्’ असे म्हणत. कणादाचे शास्त्र आणि पाणिनीचे व्याकरण ही दोन्ही बाकीच्या सर्व शास्त्रांना उपयोगी पडतात, असा त्याचा अर्थ. आधी भाषा बांधून घ्यायची, मग विचार बांधायचा, मग हव्या त्या विषयात उतरायचे, हा क्रम युरोपाचा एकट्याचा नाही. म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर संस्कृत असे आहे. परंतु ते अभिमानापोटी नाही. मराठी मुलाला विभक्ती ही कल्पना शाळेच्या व्याकरणातून तरी भेटतेच, तत्सम शब्द त्याच्या तोंडात असतात, आजीच्या तोंडून कानावर पडलेले स्तोत्र असते. ‘रामाय’ म्हणजे ‘रामाला, रामासाठी’ हे त्याला अर्ध्या मिनिटात कळते. लॅटिनच्या बाजूने सांगण्यासारखे एवढेच की इंग्रजीतल्या वैद्यकीय, कायदेशीर आणि शास्त्रीय शब्दांची मुळे त्यातून उलगडतात, आणि तुमच्या घरात कोणी लॅटिन शिकलेले असेल तर मी लॅटिनच घ्या असे म्हणेन. भाषा कोणती यापेक्षा घरातले मोठे माणूस मुलाच्या चार पाने पुढे राहू शकते का, हे महत्त्वाचे आहे. मी स्वतः दहावीपर्यंतचे संस्कृत विसरून गेले होते, रा. गो. भांडारकरांची एकोणिसाव्या शतकातली दोन पाठ्यपुस्तके घेऊन रात्री स्वाध्याय सोडवत राहिले, तेव्हा सकाळी शिकवता आले.

आणखी एक पर्याय लोक विसरतात, तो म्हणजे जुनी मराठी. मराठीला २०२४ साली अभिजात भाषेचा दर्जा मिळाला त्याचा घरात काही उपयोग करायचा असेल तर तो असा करता येतो. महानुभावांच्या दृष्टान्तपाठातला हत्तीचा दृष्टान्त आठ वर्षांच्या मुलाला वाचून दाखवा. वाक्ये लहान असतात, शब्द थोडे अनोळखी, आशय मात्र स्वच्छ. आपलीच भाषा सातशे वर्षांपूर्वी वेगळी बोलली जात होती, हा धक्का मुलांना फार आवडतो, आणि तोच पुढे संस्कृतच्या व्याकरणाकडे जाण्याचा रस्ता होतो.

पाठांतराचा प्रश्न मला अधिक सविस्तर घ्यायचा आहे, कारण माझी सर्वांत मोठी चूक तिथेच झाली. पहिली तीन वर्षे मी मुलांकडून खूप पाठ करून घेतले. पाहुण्यांसमोर मुलगा राम शब्दाची आठ विभक्त्या आणि तीन वचने मिळून चोवीस रूपे एका दमात म्हणत असे आणि मला धन्य वाटे. तो ९ वर्षांचा असताना एका सोप्या गोष्टीत ‘रामाय फलं यच्छति’ असे वाक्य आले आणि फळ कोण कोणाला देत आहे हे त्याला सांगता येईना. त्याने मनात पहिल्यापासून सगळी रूपे म्हटली, चतुर्थीपाशी थांबला आणि माझ्याकडे पाहिले. रूप पाठ होते. रूपाचे काम माहीत नव्हते. त्यानंतर आम्ही क्रम उलटा केला. आधी वाक्य, मग त्यातले रूप, मग त्या रूपाची शेजारची भावंडे, आणि शेवटी संपूर्ण तक्ता. पाठ तेवढेच झाले, फक्त त्याला चार महिने जास्त लागले.

म्हणजे पाठांतर सोडावे असे मला मुळीच वाटत नाही. घोकंपट्टीत पाठ केलेल्या गोष्टीकडे परीक्षेनंतर कोणी परत जात नाही. या पद्धतीत त्याच मजकुराकडे दहा वर्षांत तीन वेळा परत जायचे असते. मनाच्या श्लोकांचे उदाहरण घेऊ. माझी मुलगी सहा-सात वर्षांची असताना संध्याकाळच्या परवच्यात पाढ्यांबरोबर ते म्हणत असे. अर्थ अर्धामुर्धाच कळत होता आणि मी त्याची फार चिंता केली नाही. दहाव्या वर्षी तिला ‘य मा ता रा ज भा न स ल गा’ हे सूत्र दिले आणि ‘गणाधीश जो ईश सर्वां गुणांचा’ या ओळीखाली लघु-गुरूच्या खुणा करायला सांगितले. ‘सर्वां’मधला ‘स’ ऱ्हस्व असून गुरू का धरायचा, यावर तिने अर्धा तास वाद घातला, आणि पुढच्या जोडाक्षराचा आघात त्याच्यावर येतो हे मोठ्याने म्हणून पाहिल्यावर मान्य केले. मग चारही जागी ‘य’ गणच येतो हे तिने स्वतः शोधले. भुजंगप्रयात हे त्या वृत्ताचे नाव मी त्यानंतर सांगितले. चौदाव्या वर्षी तिने ‘जनीं सर्वसूखी असा कोण आहे’ या श्लोकावर दोन पानांचे लिखाण केले. त्यात तिचे म्हणणे असे होते की प्रश्न विचारल्याने सिद्धान्त सिद्ध होत नाही, ऐकणाऱ्याला उदाहरण सुचत नाही एवढेच सिद्ध होते. मला तिचे म्हणणे पूर्ण पटले नाही आणि आम्ही त्यावर बराच वेळ बोललो. तो श्लोक तिला पाठ नसता तर हा वाद पुस्तक उघडूनच करावा लागला असता, आणि मला वाटते तो झालाच नसता.

अशा शिक्षणाचे आपल्याकडचे सर्वांत ठळक उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. त्यांचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकमताविरुद्ध जाऊन पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले आणि लक्ष्मीबाईंनी रमाबाईंना. शाळा नाही, ठिकाण नाही. पुराणे सांगत तीर्थे फिरणाऱ्या कुटुंबात ही मुलगी हजारो श्लोक पाठ करत वाढली. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते पुढचे. जे ग्रंथ तोंडपाठ होते, त्यांतल्या स्त्रियांविषयीच्या विधानांना त्यांनी नंतर प्रश्न विचारले, आणि १८८२ साली हंटर आयोगापुढे स्त्री-शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर यांची गरज मांडली. पाठांतर, चिकित्सा आणि सभेत उभे राहून बोलणे, हे तिन्ही एका आयुष्यात सलग दिसते. जुन्या पाठशाळेचे गोडवे गाताना तिची दारे मुलींना आणि बहुसंख्य जातींना बंद होती हेही मुलांना सांगावे, असे मी नेहमी सुचवते. आपण पद्धत उचलतो आहोत, कुंपण नव्हे.

तर्काच्या टप्प्यासाठी आम्ही अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रह या न्यायशास्त्राच्या प्राथमिक संस्कृत ग्रंथातला अनुमानाचा थोडा भाग घेतला. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन ही पाच अवयवांची मांडणी बारा वर्षांच्या मुलाला सहज जमते. ‘पर्वतावर अग्नी आहे, कारण तिथे धूर आहे’ हे वाक्य घेऊन आम्ही पावसाळ्यात सिंहगडाच्या पायथ्याशी उभे होतो आणि मुलाने विचारले की ते धुके असेल तर? तिथून हेतूच खोटा असणे आणि हेतू खरा असून व्याप्ती, म्हणजे ‘हे आहे तिथे ते असतेच’ हा नियम, चुकणे यांतला फरक शिकवता आला. धूर आहे तिथे अग्नी असतो, पण अग्नी आहे तिथे धूर असेलच असे नाही. तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा हे त्याचे परंपरेने दिलेले उदाहरण आहे. याचा एक तोटाही सांगून ठेवते. या वर्षभरात घरातला प्रत्येक नियम पाच अवयवांत मांडून मागितला जातो, आणि ‘मी सांगते म्हणून’ हा हेतू त्यात टिकत नाही.

गणितात आम्ही फार वेगळे काही केले नाही, फक्त दोन गोष्टी जपल्या. एक म्हणजे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. पूर्णांकांच्या पाढ्यांसारखेच अपूर्णांकांचे हे पाढे आता कोणी म्हणत नाही, पण ज्याला पाऊणकी येते त्याला पुढे अपूर्णांकांची भीती वाटत नाही. दुसरी म्हणजे भास्कराचार्यांच्या लीलावती या गणितग्रंथातली कोडी. भुंग्यांच्या थव्याचा पाचवा भाग कदंबावर गेला, तिसरा भाग शिलींध्राच्या फुलावर, त्या दोहोंच्या फरकाची तिप्पट कुटजावर, आणि एक भुंगा हवेत घिरट्या घालत राहिला, तर एकूण किती? उत्तर १५. मुलीने आधी अंदाजाने काढले, वर्षभराने समीकरण मांडून. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला आहे. तो मुलांना दाखवून आणा. भूमितीसाठी मात्र युक्लिडला पर्याय मला सापडला नाही. केवळ कंपास आणि आकडे नसलेली पट्टी घेऊन दिलेल्या रेषेवर समभुज त्रिकोण काढायचा आणि तो समभुजच का हे सांगायचे, एवढ्या पहिल्या प्रमेयावर आम्ही एक आठवडा घालवला होता.

लेखनाविषयी थोडेच सांगते. वाचून दाखवलेला उतारा पुस्तक मिटून आपल्या शब्दांत सांगणे, चांगल्या गद्याच्या चार ओळी उतरवून काढणे आणि दुसऱ्या दिवशी त्याच ओळींचे शुद्धलेखन घालणे, एवढे तुमच्या मुलीच्या वयाला पुरेसे आहे. निबंध बाराव्या वर्षापर्यंत मागू नका. पुढे वक्तृत्वाच्या टप्प्यावर आधी राजकीय सुधारणा की आधी सामाजिक, या वादातले टिळक आणि आगरकर दोघांचेही मूळ लेख वाचायला द्यावेत आणि आज एकाची, उद्या दुसऱ्याची बाजू मांडायला लावावी.

वेळेचा हिशेब लोकांना वाटतो त्यापेक्षा लहान आहे. आठ वर्षांच्या मुलीला रोज अडीच ते तीन तास, तेही दोन भागांत. पाच वर्षांच्या मुलाला पाऊण तास, आणि त्यातला निम्मा वेळ मांडीवर बसून गोष्ट ऐकण्याचा. त्या दोघांना एकत्र घेता येईल अशा गोष्टी, म्हणजे श्लोक, इतिहासाच्या गोष्टी, निसर्गनिरीक्षण, एकत्रच घ्याव्यात. वाचन आणि गणित मात्र वेगवेगळे. शिकवणाऱ्याच्या तयारीला रोज एक तास वेगळा लागतो आणि तो कोणीच मोजत नाही.

हे सर्व परिस्थितीवर अवलंबून आहे, ते असे. दोघेही आईवडील पूर्णवेळ नोकरी करत असतील आणि घरात आजीआजोबा किंवा दुसरे जाणते माणूस नसेल, तर हे करू नये असे मी स्पष्ट सांगते. शाळा चालू ठेवून संध्याकाळचा एक तास या पद्धतीला द्यावा. तुम्ही घरून काम करता असे लिहिले आहे. घरून काम करणे म्हणजे घरी मोकळे असणे नव्हे, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. मुलीचा कंटाळा कशामुळे आहे हेही आधी पाहावे. अभ्यास सोपा पडतो म्हणून येणारा कंटाळा वेगळा, मैत्रिणींशी बिनसल्यामुळे येणारा वेगळा, आणि फळ्यावरचे नीट दिसत नाही म्हणून येणारा आणखी वेगळा. तिसऱ्या प्रकारावर चष्मा हा उपाय आहे, संस्कृत नव्हे.

कायद्याची बाजू अशी आहे. शिक्षणहक्काचा २००९चा कायदा १ एप्रिल २०१०पासून लागू आहे आणि त्याच्या कलम १० प्रमाणे ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य आहे. त्यात पालकासाठी दंडाची तरतूद नाही. घरच्या शिक्षणाचा उल्लेखही नाही. म्हणजे आपण मान्यताप्राप्त वाटेवर नाही, हे डोळ्यांआड करू नये. कलम ४ प्रमाणे शाळा अर्धवट सुटलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळण्याची सोय आहे, त्यामुळे वर्ष-दोन वर्षांनी परत शाळेत जायचे ठरले तर दार बंद नसते.

दहावीसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, हा बहुतेक घरांचा मार्ग आहे. वयाची १४ वर्षे पूर्ण हवीत, किमान ५ विषय लागतात, परीक्षा वर्षातून दोनदा होते, आणि पाच वर्षांत नऊ संधींमध्ये विषय थोडे थोडे करून देता येतात. माझ्या मुलीने आधी गणित आणि विज्ञान दिले आणि बाकीचे विषय पुढच्या खेपेला. राज्य मंडळाची परीक्षा हवी असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून खाजगी विद्यार्थी म्हणून बसता येते. त्याच्या अटी त्या त्या वर्षीच्या सूचनेत पाहाव्यात. परीक्षेच्या आधीचे वर्ष-सव्वा वर्ष अभिजात वगैरे बाजूला ठेवून जुन्या प्रश्नपत्रिका सोडवाव्या लागतात, याला माझ्या पाहण्यात अपवाद नाही. अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी एका महाविद्यालयाच्या कार्यालयाने आमच्याकडे शाळा सोडल्याचा दाखला मागितला आणि एनआयओएसचे स्थलांतर प्रमाणपत्र तेच काम करते हे पटवण्यात आमचे चार दिवस गेले. ते प्रमाणपत्र निकालाबरोबरच जपून ठेवा.

तुमच्यासाठी माझा सल्ला असा आहे की परदेशी संच आत्ता मागवू नका आणि वर्षाच्या मध्ये मुलीला शाळेतून काढू नका. दिवाळीच्या सुट्टीत तीन आठवडे रोज सकाळी दीड तास बसून पाहा: एका श्लोकाच्या दोन ओळी, एक गोष्ट वाचून तिच्याकडून परत ऐकणे, निमकी, आणि संस्कृतची चार वाक्ये जी तुम्ही आदल्या रात्री स्वतः सोडवली असतील. तिसऱ्या आठवड्यात मुलगी कंटाळली तर फारसे बिघडत नाही, त्यावर उपाय असतात. तुम्हीच रात्रीची चार वाक्ये टाळू लागलात तर मात्र शाळा चालू ठेवा आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत पुन्हा पाहा. तरीही निर्णय पक्का झाला तर तिसरीचे वर्ष पूर्ण करून निकालपत्र घ्या, त्याच वेळी शाळा सोडल्याचा दाखला घ्या, आणि त्यावरचे नाव व जन्मतारीख जन्मदाखल्याशी आणि आधारशी अक्षरशः जुळते का हे कार्यालयाच्या खिडकीसमोर उभे असतानाच तपासा.